डॉ. कांतीलाल संचेती आणि मांडी घालणाऱ्यांचा गुडघा

खडकवासल्यातल्या मुलांना ‘संचेती म्हणजे काय?’ असं विचारून बघा. ‘शिवाजीनगरचा पूल’ किंवा ‘बसस्टॉप’ असं उत्तर हमखास येईल. हॉस्पिटलवरून चौक ओळखला जाऊ लागला, चौकावरून पूल, आणि ज्यांचं हे नाव ते डॉक्टर मागेच राहिले.

डॉ. कांतीलाल हस्तीमल संचेती यांचा जन्म 1936 चा. 1965 मध्ये त्यांनी पुण्यात हाडांच्या उपचारांचं हॉस्पिटल सुरू केलं. पद्मश्री (1991), पद्मभूषण (2003) आणि पद्मविभूषण (2012) हे तिन्ही सन्मान त्यांना मिळाले. मुलांचे निबंध इथेच संपतात. खरं सांगण्यासारखं आहे ते त्यांनी घडवलेल्या ‘इंडस’ या कृत्रिम गुडघ्याबद्दल.

आपल्या घरातली आजी दिवसभरात किती वेळा खाली बसते ते आठवा. पूजा, भाजी निवडणं, पंगत, भारतीय पद्धतीचं शौचालय. सरळ पाय म्हणजे डॉक्टरांच्या मोजणीत शून्य अंश. खुर्चीत बसलं की गुडघा साधारण 90 अंशांत वाकतो. उकिडवं बसायचं तर 130 अंशांच्याही पुढे जावं लागतं. (वर्गात कोनमापक घेऊन हे करून बघता येतं. मुलांना मजा येते आणि भूमितीचा तासही होतो!)

गुडघा बदलतात म्हणजे सगळा सांधा काढून नवा बसवतात असं नाही. झिजलेले पृष्ठभाग तासून मांडीच्या हाडाच्या टोकावर धातूचं आवरण बसवतात, नडगीच्या हाडावर धातूची बैठक आणि दोन्हींच्या मध्ये घट्ट प्लास्टिकची गादी. जुन्या परदेशी गुडघ्यांची रचना खुर्चीत बसणाऱ्या समाजाला पुरेशी होती. शिवाय आपल्याकडच्या, विशेषतः बायकांच्या, हाडांचा आकार लहान. मोठा भाग लहान हाडावर कसा नीट बसणार? संचेतींनी आपल्या लोकांच्या मापांचा आणि बसण्या-उठण्याचा विचार करून जास्त वाकणारा, भारतीय बनावटीचा, कमी खर्चाचा गुडघा तयार केला. मला यातली शस्त्रक्रियेइतकीच मोठी वाटते ती ही नजर. पेशंट घरी गेल्यावर कसा बसेल, हा प्रश्न आधी पडला.

अशी नजर असलेला एक आयरिश सर्जन होऊन गेला, डब्लिनचा अब्राहम कोल्स. पडताना आपण हात पुढे टेकतो तेव्हा मनगटाजवळ हाड मोडतं, त्याचं अचूक वर्णन त्याने 1814 मध्ये लिहिलं. क्ष-किरणांचा शोध लागला 1895 ला! त्या काळी बरेच डॉक्टर याला ‘मनगट निखळलं’ म्हणायचे. कोल्सने डोळे आणि बोटं एवढ्यांवर ओळखलं की हाडच मोडलंय. आजही डॉक्टर त्याला ‘कोल्स फ्रॅक्चर’ म्हणतात.

खर्चाचं बोलायचं तर ऑगस्ट 2017 मध्ये सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वात जास्त वापरल्या जाणाऱ्या प्रकाराची किंमत तेव्हा 54,720 रुपये अधिक कर अशी ठरली. आधी हीच वस्तू लाखाच्या वर जायची. तरी अनेक घरांत आजी-आजोबांचं दुखणं ‘वयच झालं आता’ म्हणून सोडून दिलं जातं, किंवा ऑपरेशनच्या भीतीने वर्षानुवर्षं पुढे ढकललं जातं. तोवर पाय वाकडा होतो, मांडीचे स्नायू बारीक होतात.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा ‘आईला खाली बसता येईल का?’ हे स्पष्ट विचारा. इम्प्लांट कोणताही असो, उत्तर बरंचसं ऑपरेशनआधी गुडघा किती वाकत होता आणि नंतर व्यायाम किती नेटाने केला यावर ठरतं. बऱ्याच पेशंटना डॉक्टर रोज जमिनीवर बसू नका असंच सांगतात. आणि व्यायामाच्या वेळी नातवंडाला शेजारी मोजायला बसवा. आजी दहाच्या ऐवजी सातवर थांबली, तर ते बरोबर पकडतं.