थ्रॉटल बॉडी: साफ करण्याआधी उघडून बघा

सिग्नलला थांबले होते, एसी चालू होता. आरपीएमचा काटा एरवी साडेसातशेच्या आसपास असतो, तो पाचशेकडे झुकला, एक आचका बसला आणि गाडी बंद. मागून हॉर्न सुरू. किल्ली फिरवली की लगेच चालू, थोडी रेस दिली की तक्रार नाही. पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच. आमची गाडी २०११ ची, पेट्रोलची, सव्वा लाख किलोमीटर झालेली. मागच्या सर्व्हिसिंगला चार महिनेही झाले नव्हते आणि त्या बिलात ‘थ्रॉटल बॉडी क्लीनिंग’चे पैसे लावलेले होते.

दुसऱ्या एका मिस्त्रींनी एअर फिल्टरकडून येणारा रबरी पाइप सोडवला, मोबाइलचा उजेड आत धरला आणि मला वाकून बघायला सांगितलं. थ्रॉटल बॉडीतल्या, हवा कमी-जास्त करणाऱ्या चकतीच्या कडेनं काळा, चिकट थर धरला होता. त्यांनी पांढरं फडकं एकदाच फिरवलं, तर त्यावर काजळासारखा पट्टा उमटला. “ताई, हे चार महिन्यांचं नाही. हे कुणी उघडलेलंच नाही.”

तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगते: ही सफाई किलोमीटर मोजून ठरवू नका, आत बघून ठरवा. ‘दर दहा हजारांना करून घ्यावी’ हा समज फार पसरलाय. गाडीसोबतच्या पुस्तिकेत ऑइल, फिल्टर, प्लग यांच्या मुदती दिलेल्या असतात. थ्रॉटल बॉडीच्या सफाईची मुदत सहसा नसते, कारण प्रत्येक गाडीत घाण धरायचा वेग वेगळा. इंजिनाच्या खालच्या भागात तयार होणारी ऑइलची वाफ बाहेर न सोडता पुन्हा हवेच्या वाटेत आणली जाते. ती चकतीच्या कडेला बसते, धूळ धरते आणि इंजिनाच्या उष्णतेनं वाळून घट्ट होते. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की ही वाफ वाढते, म्हणून वय झालेल्या गाडीत थर लवकर जमतो. एअर फिल्टर नीट बसलेला नसेल तर आणखी लवकर.

आता हा थर नेमका कुठे नडतो, ते समजून घ्या. गाडी उभी असताना चकती जवळजवळ मिटलेली असते आणि इंजिन तिच्या कडेच्या बारीकशा फटीतून श्वास घेतं. तिथे कागदाएवढा थरसुद्धा हवा अडवतो. एसीचा कॉम्प्रेसर सुरू झाला किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवलं की इंजिनावर ओझं येतं आणि हवा पुरत नाही. हायवेवर तीच चकती बरीच उघडी असते, तिथे कडेच्या थरानं फारसं बिघडत नाही. म्हणून ‘सफाईनंतर पिकअप आणि ॲव्हरेज वाढतं’ या आशेवर पैसे घालू नका. पेट्रोल किती सोडायचं हे कॉम्प्युटर आलेली हवा मोजून ठरवतो, त्यामुळे थर धरला म्हणून गाडी जास्त पेट्रोल पीत नाही. घाटात दम लागत असेल तर एअर फिल्टर, फ्युएल पंप, क्लच तपासा.

गाडी थरथरली की थ्रॉटल बॉडीच, हेही खरं नाही. उभ्या गाडीत काट्याकडे बघा. काटा स्थिर आणि केबिन मात्र हलतेय, तर आधी इंजिन माउंटिंग बघायला सांगा. इंजिन ठरावीक ठोक्याला अडखळत असेल तर प्लग नाहीतर कॉइल. काटा हळूहळू खाली जातो, गाडी बंद पडायला येते आणि रेस दिली की सावरते, किंवा पेडल सुरुवातीला अडकून मग झटक्यात सुटतं, तेव्हा थ्रॉटल बॉडी उघडा. सीएनजी गाडीवाल्यांना तर सोपी परीक्षा आहे: त्रास फक्त गॅसवरच असेल तर किट बघा, कारण दोन्ही इंधनांची हवा याच चकतीतून जाते. स्कॅनरवर ‘पी ०५०६’ हा कोड आला तर आयडल, म्हणजे उभ्या गाडीचा आरपीएम, अपेक्षेपेक्षा कमी आहे एवढाच त्याचा अर्थ. ते का कमी आहे हे शोधायचंच असतं.

पेट्रोलच्या टाकीत ओतायच्या बाटलीनं हे काम होत नाही. एमपीएफआय गाडीत पेट्रोल थ्रॉटल बॉडीतून जातच नाही, ते त्याच्या पुढे, व्हॉल्व्हजवळ फवारलं जातं. कार्बोरेटरच्या जमान्यातली समजूत अजून टिकून आहे, इतकंच.

फवाराही कुठलाही चालत नाही. काही थ्रॉटल बॉडींना आतून लेप दिलेला असतो. जहाल कार्बोरेटर क्लीनर किंवा तारेचा ब्रश तो खरवडून काढतो, पॉलिश पेपर तर लावूच नका. थ्रॉटल बॉडीसाठीचा क्लीनर फडक्यावर घेऊन पुसून काढावं, सेन्सरवर मारू नये. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर किल्ली बंद ठेवा आणि चकती बोटानं जोरानं ढकलू नका: आत मोटर आणि लहान दातेरी चाकं असतात. केबलच्या जुन्या गाड्यांत आयडलच्या हवेची वेगळी वाट आणि तिचा वेगळा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच ठेवून नुसती चकती चमकवली तर काम अर्धंच झालं.

सफाईनंतर आमच्या गाडीचा काटा अकराशेवर जाऊन बसला, तेव्हा मीही घाबरले होते. ‘चांगली होती ती बिघडवली’ हे पुष्कळांना इथेच वाटतं. खरं असं, की घाणीमुळे कमी पडणारी हवा भरून काढायला कॉम्प्युटर चकती थोडी जास्त उघडायला शिकलेला असतो. घाण गेली तरी जुना हिशेब त्याच्या डोक्यात असतोच. तो पुन्हा शिकवावा लागतो. काही गाड्या थोड्या चालवल्या की आपोआप शिकतात, काहींना स्कॅनर लावावा लागतो. मिस्त्रींनी स्कॅनर लावला, गाडी गरम होऊ दिली, मग एसी चालू केला. काटा किंचित हलला आणि साडेसातशेवर थांबला. काटा चढाच राहिला असता तर पाइप नीट बसलाय का आणि गॅस्केटमधून हवा शिरतेय का, ते बघावं लागलं असतं.

जाताना मी विचारलं, पुन्हा कधी आणू? ते म्हणाले, “त्रास झाला की आणा. पण सहा महिन्यांतच पुन्हा असं काळं दिसलं, तर मी आधी ऑइलची वाफ परत आणणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह बघेन आणि ऑइल काठीच्या खुणेच्या वर गेलंय का ते.”