कातडीच्या पेशीला यकृताचं काम

टेंभुर्णीच्या आमच्या गटातल्या एका ताईंना टीबीच्या गोळ्या चालू होत्या. त्यात यकृताला सूज आली, डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. ताई म्हणाल्या, "एका दुखण्याची गोळी दुसरं दुखणं कसं लावते?"

पोटात गेलेली बरीचशी औषधं यकृत मोडतं. मोडताना कधीकधी विषारी पदार्थ तयार होतो. हे आधी कळावं म्हणून औषध उंदरांवर तपासतात, पण उंदराचं यकृत माणसासारखं वागेलच असं नाही. माणसाच्या यकृतातून काढलेल्या पेशी बशीत थोड्याच दिवसांत आपलं काम विसरतात. पुण्याचं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र प्रयोगशाळांना पेशी पुरवतं, त्यात यकृताच्या कर्करोगाच्याही असतात. त्या वाढतात भराभर, पण औषध मोडण्यात कच्च्या.

मग कातडीच्या पेशीलाच ते काम दिलं तर? आपण घरी सून, गटात सचिव; बाई तीच ना! तशी प्रत्येक पेशीत सगळ्या कामांची माहिती असते, जागी असते ती आपल्यापुरती. यकृताची माहिती जागी करणारी जनुकं आत घातली, की कातडीची पेशी यकृतासारखी वागू लागते. २०११ साली चीन आणि जपानमध्ये उंदराच्या पेशींवर हे जमलं, २०१४ साली चीनमध्ये माणसाच्या. खऱ्या यकृताची पुरती बरोबरी अजून नाही. पण उद्या ताईंच्याच कातडीच्या पेशींवर गोळी आधी तपासता येईल, अशी आशा आहे.

सध्या मात्र गोळ्या चालू असताना डोळे पिवळे, लघवी गडद, सारख्या उलट्या झाल्या तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गोळी थांबवायची की बदलायची, ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.