सोसायटीचा हिशेब कुठल्या डेटाबेसात ठेवायचा? सभेआधी थोडं समजून घेऊया



बंदी चालू आहे, ट्रॉलर धक्क्याला बांधलेत, जाळ्यांची डागडुजी चाललीय. थोडी सवड असेल म्हणून हे लिहितोय. 1 ऑगस्टला हंगाम सुरू व्हायच्या आधी आपली सर्वसाधारण सभा आहे. तीत एक विषय आहे: डिझेल, बर्फ, शेअर आणि कर्जाचा हिशेब ठेवायला नवीन प्रोग्राम. दोन कोटेशनं आली आहेत. एकात लिहिलंय 'एसक्यूएल सर्व्हर', दुसऱ्यात 'पोस्टग्रेस'. ही कसली नावं, आणि आपले पैसे कशाला घालायचे, असं बऱ्याच जणांनी ऑफिसात येऊन विचारलं. प्रश्न बरोबर आहे.

एक्सेल आहे की, मग हे कशाला?

गेल्या हंगामात काय झालं ते काही जणांना ठाऊक आहे. एकाच नावाचे दोन सभासद. एकाचं 300 लिटर डिझेल दुसऱ्याच्या नावावर पडलं. व्हॅट परताव्याची यादी करताना लक्षात आलं. त्या सभासदाने पंपावरची पावती जपून ठेवली होती म्हणून निस्तरलं, नाहीतर त्याचा परतावा गेलाच होता. चूक आमच्याच ऑफिसची.

एक्सेलमध्ये आपण दर वेळी नाव टाइप करतो. एकदा पूर्ण नाव, एकदा आद्याक्षरं, एकदा नुसतं होडीचं नाव. संगणकाला ही तीन वेगळी माणसं वाटतात. मोठ्या सरकारांचंही असं होतं. 2020 साली इंग्लंडमध्ये कोविडच्या 15,841 रुग्णांची नोंद वेळेवर पुढे गेलीच नाही, कारण माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलीत भरत होते आणि त्या फाइलीत 65,536 ओळींच्या पुढे जागाच नसते.

रिलेशनल डेटाबेस म्हणजे काय

1970 साली आयबीएम कंपनीतल्या एडगर कॉड यांनी ही पद्धत मांडली. आपल्या भाषेत सांगायचं तर वेगवेगळ्या वह्या, पण क्रमांकाने एकमेकींना बांधलेल्या. सभासदांची एक वही, होड्यांची एक, डिझेलची एक. सभासदाचं नाव एकाच जागी लिहायचं, बाकी सगळीकडे फक्त त्याचा क्रमांक. सभासदांच्या वहीत जो क्रमांक नाही, त्याच्या नावे डिझेलची नोंद करायला गेलात तर डेटाबेस ती घेतच नाही.

दुसरा गुण वीज गेल्यावर कळतो. 200 लिटर दिलं की टाकीच्या साठ्यातून 200 वजा व्हायला हवेत आणि सभासदाच्या खात्यात 200 चढायला हवेत. मधेच लाइट गेली तर? चांगला डेटाबेस दोन्ही नोंदी करतो नाहीतर एकही करत नाही. अर्धवट काही ठेवत नाही.

आता एकेक नाव बघूया

*मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस:* छोट्या ऑफिसांत जुन्या काळापासून आहे. एका फाइलीला 2 जीबीची मर्यादा. फाइल नेटवर्कवर ठेवून दोन-तीन जण एकदम लिहायला लागले की बिघडण्याची भीती असते. आता नव्याने घेण्यात अर्थ नाही.

*एसक्यूलाइट:* तुमच्या खिशात आत्ताच आहे. अँड्रॉइड फोनवरचं व्हॉट्सॲप तुमचे मेसेज यातच ठेवतं. फुकट आहे, सगळा डेटा एका फाइलीत. पण एका वेळी एकच जण लिहू शकतो, आणि ती फाइल नेटवर्कवर ठेवून दोन संगणकांवरून वापरायची पद्धत बरी नाही. एकाच संगणकावर काम करणाऱ्या लहान संस्थेला उत्तम. आपल्याकडे धक्क्यावरचा पंप आणि ऑफिस अशा दोन जागा आहेत, म्हणून आपल्याला चालणार नाही.

*मायएसक्यूएल आणि मारियाडीबी:* मायएसक्यूएल 1995 पासून आहे. त्याची साधी आवृत्ती फुकट मिळते, मालकी 2010 पासून ओरॅकल कंपनीकडे. ती मालकी नको म्हणून मूळ कर्त्यानेच 2009 मध्ये, व्यवहार चालू असतानाच, मारियाडीबी हा वेगळा फाटा काढला. वेबसाइटींसाठी हे दोन्ही फार वापरतात, त्यामुळे जाणणारी माणसं सहज मिळतात.

*पोस्टग्रेस, म्हणजे पोस्टग्रेएसक्यूएल:* कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात 1986 मध्ये सुरू झालेलं काम. मालक कुठलीही एक कंपनी नाही. धंद्यासाठी वापरलं तरी परवान्याचे पैसे नाहीत. नियमाला कडक: तारखेच्या जागी 31 फेब्रुवारी टाकली तर घेत नाही. हिशेबाला असला कडकपणा आपल्याला हवाच आहे.

*मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर:* चांगला आहे, विंडोजशी आणि एक्सेलशी छान जुळतो. मोठी आवृत्ती विकत घ्यावी लागते. 'एक्सप्रेस' नावाची फुकट आहे. 2022 च्या आवृत्तीपर्यंत तिला एका डेटाबेसला 10 जीबीची मर्यादा. ठरलेल्या वेळी आपोआप बॅकअप घेणारी सोय एक्सप्रेसमध्ये येत नाही, ती वेगळी बसवून घ्यावी लागते. आणि मराठी नावांसाठी रकाने सुरुवातीलाच योग्य प्रकारचे करावे लागतात, नाहीतर नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात.

*ओरॅकल:* मोठ्या बँका वापरतात. फुकट आवृत्ती आहे, पण ते सांभाळायला जाणता माणूस लागतो. आपल्याला तो बोजा नको.

आपल्याला किती जागा लागेल?

आम्ही ढोबळ हिशेब केला. दिवसाला 100 नोंदी, वर्षाला 300 दिवस, म्हणजे 30,000 नोंदी. एका नोंदीला अर्धा केबी धरला तरी वर्षाला 15 एमबी. दहा वर्षांत 150 एमबी. फोनवरचा एखादा लांबलचक व्हिडिओ याहून मोठा असतो. म्हणून "आमचा डेटाबेस कितीही मोठा होऊ शकतो" असं कोणी विकायला आलं तर भुलू नका. वेगाचंही तसंच. आपल्या कामाला वरच्यांपैकी मायएसक्यूएल, मारियाडीबी, पोस्टग्रेस आणि एक्सप्रेस, चारही पुरे आहेत.

मग ठरवायचं कशावर?

इथे आमचं जुनं दुखणं सांगतो. काही वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून आपण प्रोग्राम घेतला होता. त्याने पुढे धंदा बंद केला, फोन उचलेना. पासवर्ड त्याच्याकडेच राहिला. तीन वर्षांचा हिशेब आपल्याच कपाटातल्या आपल्याच संगणकात, आणि आपल्यालाच उघडता येईना. शेवटी दोन माणसं बसवून पावती-पुस्तकांवरून सगळं पुन्हा लिहून काढलं. डेटाबेस तेव्हाही चांगलाच होता. करार वाईट होता.

म्हणून कुठलंही कोटेशन मंजूर झालं तरी या पाच गोष्टी लेखी हव्यात:

1. मुख्य पासवर्ड सोसायटीकडे राहील, बंद लिफाफ्यात, चेअरमन आणि सेक्रेटरी यांच्या सहीने.
2. रोज संध्याकाळी आपोआप बॅकअप. एक प्रत ऑफिसात, एक धक्क्यापासून लांब. खाऱ्या हवेत संगणक किती टिकतात ते आपण बघतोच.
3. तीन महिन्यांतून एकदा तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर आमच्यासमोर उघडून दाखवायचा. न उघडून पाहिलेला बॅकअप म्हणजे न तपासलेलं लाइफ जॅकेट.
4. आपण मागू तेव्हा सगळा डेटा साध्या, दुसरीकडे नेता येईल अशा स्वरूपात द्यायचा.
5. कोणी काय नोंद केली, कोणी बदलली, हे नाव आणि वेळेसकट राहायला हवं. आमच्या ऑफिसातल्यांचंसुद्धा.

समितीचं मत

आमचा कल पोस्टग्रेसकडे आहे. परवान्याचा खर्च नाही, आणि उद्या विक्रेता बदलला तरी डेटाबेस तोच ठेवता येतो. त्याची कमतरताही सांगतो: आपल्या भागात ते जाणणारी माणसं मायएसक्यूएलपेक्षा कमी सापडतात. त्यामुळे त्या विक्रेत्याला आम्ही विचारलंय की तुमच्याकडे हे जाणणारा दुसरा माणूस कोण, आणि तुम्ही आजारी पडलात तर येणार कोण. समाधानकारक उत्तर आलं नाही तर मायएसक्यूएल किंवा मारियाडीबीवर करून देणाऱ्याचं कोटेशन मागवू. एसक्यूएल सर्व्हरवाल्याने पाचही अटी मान्य केल्या तर त्यालाही आमची ना नाही.

दोन्ही कोटेशनं ऑफिसात ठेवली आहेत, सकाळी 10 ते 1 या वेळात येऊन बघा. घरात कॉम्प्युटर शिकलेला मुलगा-मुलगी असेल तर त्यांनाही घेऊन या. आणि येताना गेल्या हंगामातल्या डिझेलच्या पावत्या आणा. नवीन वहीत पहिली नोंद चढायच्या आधी जुना हिशेब तुमच्यासमोर जुळवून घ्यायचा आहे.