वस्तीचे नाव आणि जमिनीचा उतारा

गावकुसाबाहेरच्या वस्तीचे नाव वस्तीने ठेवलेले नव्हते, ते गावाने ठेवले होते. महारवाडा, मांगवाडा ही नावे म्हणजे नुसते पत्ते नव्हेत. कोणी कुठपर्यंत यायचे याची ती खूण होती. डॉ. बाबासाहेबांनी १९४८ च्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात ही माणसे मुळात गावाबाहेर का राहिली, हाच प्रश्न आधी घेतला. पराभूत, विखुरलेल्या टोळ्यांतील माणसे राखणीसाठी वेशीबाहेर वसली आणि अस्पृश्यता मागाहून आली, असा त्यांचा सिद्धांत. तो कोणाला पटो न पटो, पण वस्तीची जागा ही पूर्वकर्माची नसून इतिहासाची गोष्ट आहे, हे त्याने आम्हांला शिकवले.

१९५६ च्या धर्मांतरानंतर वस्त्यांनी आपली नावे आपणच ठेवली. आमच्या कमानीवर सिद्धार्थनगर आले. गावातल्या जुन्या माणसांच्या तोंडी मात्र जुनेच नाव राहिले. जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला तो डिसेंबर २०२० मध्ये. मधे चौसष्ट वर्षे गेली!

या निर्णयाचे मी स्वागतच करतो. पण माझ्यापुढचा प्रश्न जमिनीचा आहे. ‘महार’ ही जात होती तसे ते गावकामही होते. सांगावा पोचवायचा, सरकारी सारा तालुक्याला न्यायचा, शिवेच्या तंट्यात साक्ष द्यायची. त्यापोटी हाडकी-हाडोळ्याची वतनी जमीन मिळे; आणि त्या तुटपुंज्या तुकड्यासाठी सारे घर राबवले जाई. म्हणूनच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कनिष्ठ वतने अखेर १९५८ च्या कायद्याने संपली. जमिनी सरकारजमा झाल्या आणि ठरावीक रक्कम भरल्यावर वतनदारांना परत देण्याची तरतूद झाली. अट अशी की, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून त्या विकता येणार नाहीत.

तेव्हा जुन्या उताऱ्यावरचा ‘महार वतन’ हा शेरा अपमानाचा असला, तरी हक्काचा पुरावाही आहे. परवानगीवाचून जमीन कोणी लाटली असेल, तर तिचे मूळ त्याच शेऱ्यावरून सापडते. कमानीवरचे नाव बदला, दाखल्यावरचा पत्ता बदला. मात्र नावबदलाचा ठराव ग्रामसभेपुढे येईल त्याच आठवड्यात कार्यकर्त्यांनी तलाठ्याकडून आणि तहसील कचेरीतून जुने सातबारे, फेरफार, वतनाच्या नोंदी यांच्या नकला काढाव्यात, आणि वस्तीतल्या शिकलेल्या मुलींकडून त्या वाचून घ्याव्यात. आमच्याकडे हे काम सुरू आहे. मोडीतले कागद तेवढे वाचायचे राहिले आहेत.