विल्डरनेस क्षेत्रे वगळून बाइकपॅकिंग मार्गनियोजन

बाइकपॅकिंग म्हणजे तंबू, शिधा व इतर सामान सायकलच्या सांगाड्याला बांधलेल्या पिशव्यांतून नेत कच्च्या रस्त्यांवरून व पायवाटांवरून केलेला अनेक दिवसांचा प्रवास होय. अशा प्रवासाचा मार्ग आज बहुधा नकाशा-सॉफ्टवेअरच्या साहाय्याने आखला जातो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या आखणीला एक कायदेशीर मर्यादा आहे. 'विल्डरनेस' म्हणून घोषित झालेल्या निर्जन अरण्यक्षेत्रांत सायकलला प्रवेश नाही. सॉफ्टवेअर ही मर्यादा आपोआप ओळखतेच असे नाही. त्यामुळे क्षेत्रांच्या सीमा स्वतंत्रपणे तपासणे हा अशा नियोजनाचा मुख्य भाग ठरतो.

कायदेशीर पार्श्वभूमी

राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३ सप्टेंबर १९६४ रोजी विल्डरनेस कायद्यावर स्वाक्षरी केली. या कायद्याने घोषित क्षेत्रांत मोटारवाहने, यंत्रचलित साधने आणि 'यांत्रिक वाहतुकीचे अन्य कोणतेही साधन' यांना मनाई केली. सायकलचा उल्लेख मूळ कायद्यात नाही. मात्र वनसेवेच्या नियमांत तो स्पष्टपणे आला आहे. या नियमांनुसार राष्ट्रीय वनांतील विल्डरनेस क्षेत्रात सायकल चालविणेच नव्हे, तर ती जवळ बाळगणेही निषिद्ध आहे. त्यामुळे सायकल ढकलत किंवा खांद्यावर घेऊन क्षेत्र ओलांडण्याचा पर्याय उरत नाही.

सर्व संरक्षित क्षेत्रांचे नियम सारखे नसतात. ॲरिझोना ट्रेल या मार्गावरील ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यानात दरीतील पायवाटांवर सायकल चालविता येत नाही. तथापि चाके जमिनीला न लावता सायकल पाठीवर बांधून दरी पार करण्याची मुभा आहे. म्हणून क्षेत्राचा नेमका कायदेशीर दर्जा पाहूनच मार्ग ठरवावा लागतो.

उदाहरण : कोलोरॅडो ट्रेल

डेन्व्हर व ड्युरँगो या शहरांना जोडणारा कोलोरॅडो ट्रेल सुमारे ९०० किमी लांबीचा आहे. तो लॉस्ट क्रीक, होली क्रॉस, माउंट मॅसिव्ह, कॉलेजिएट पीक्स, ला गरीटा आणि वेमिनुश या सहा विल्डरनेस क्षेत्रांतून जातो. पदयात्रींना संपूर्ण मार्ग खुला आहे. सायकलस्वारांना मात्र या प्रत्येक क्षेत्राला वळसा घालावा लागतो. लॉस्ट क्रीकसाठी टॅरिऑल रस्ता, तर ला गरीटासाठी लॉस पिनोस व स्लमगलियन या खिंडींतून जाणारा रस्ता वापरला जातो.

वेमिनुश हे राज्यातील सर्वांत मोठे विल्डरनेस क्षेत्र आहे. तेथील वळसा स्टोनी खिंडीपासून (उंची सुमारे ३,८४० मी) सिल्व्हरटन गावाकडे (सुमारे २,८४० मी) उतरतो आणि पुढे महामार्ग क्र. ५५० ने मोलास खिंडीपर्यंत (सुमारे ३,३२५ मी) चढतो. म्हणजेच सुमारे १,००० मी उतरून पुन्हा जवळजवळ ५०० मी चढावे लागते आणि पायवाटेऐवजी वाहनांच्या वर्दळीतून जावे लागते. मात्र सिल्व्हरटनमध्ये शिधा मिळतो. वळशाचे मोजमाप केवळ अंतराने करता येत नाही, हे यावरून दिसते.

सॉफ्टवेअरची कार्यपद्धती

मार्ग शोधणाऱ्या अनेक प्रणाली २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशाच्या विदेवर चालतात. या विदेत प्रत्येक रस्ता ही बिंदूंना जोडणारी एक रेषा असते आणि रस्त्याचा प्रकार, पृष्ठभाग, सायकलला परवानगी इत्यादी माहिती त्या रेषेला खुणांच्या रूपात जोडलेली असते. प्रणाली प्रत्येक रेषेला या खुणांवरून एक 'खर्च' देते आणि किमान खर्चाचा मार्ग निवडते.

विल्डरनेस क्षेत्राची सीमा मात्र स्वतंत्र बहुभुजाकृती म्हणून नोंदलेली असते. मार्ग शोधताना सामान्यतः रेषेवरील खुणा वाचल्या जातात. ती रेषा कोणत्या क्षेत्रात आहे हे पाहिले जात नाही. एखाद्या पायवाटेवर सायकल-बंदीची खूण कोणी नोंदविली नसेल, तर सॉफ्टवेअर निषिद्ध क्षेत्रातूनही बिनदिक्कत मार्ग दाखविते.

नियोजनाचे टप्पे

प्रथम विल्डरनेस सीमांचा अधिकृत थर नकाशावर चढविला जातो. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या संरक्षित क्षेत्रांच्या विदासंचात या सीमा उपलब्ध आहेत. बीराउटरसारख्या प्रणालीत हे क्षेत्र 'वर्ज्य' म्हणून आखता येते. मग मार्ग त्याच्या बाहेरूनच शोधला जातो. काही ठिकाणी जुना रस्ता खुला ठेवण्यासाठी सीमा त्याच्या दोन्ही बाजूंनी आत वळविलेली असते. अशी चिंचोळी पट्टी स्थूल आखणीत झाकली जाते आणि वैध रस्ता विनाकारण वगळला जातो. म्हणून सीमा मोठ्या प्रमाणावर पाहणे आवश्यक असते.

त्यानंतर वळशातील रस्ते वनसेवेच्या मोटारवाहन-वापर नकाशांशी ताडून पाहतात. खासगी जमिनीतील बंद रस्ते आणि हंगामी बंदी यांची खातरजमा याच टप्प्यावर होते. उपग्रहचित्रांवरून पृष्ठभागाचा अंदाज येतो. शेवटी पाणी, शिधा व मुक्कामाची ठिकाणे नोंदवून मार्ग जीपीएक्स स्वरूपात साठविला जातो आणि जाळ्याबाहेरील वापरासाठी नकाशे उपकरणावर उतरवून घेतले जातात.

मर्यादा

एकाच मार्गाची एकूण चढाई वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये वेगवेगळी दिसते. उंचीची माहिती ठरावीक अंतरावरील चौकटींतून घेतलेली असते. तीव्र उतारावर रेषा काही मीटर सरकली तरी उंची बदलते आणि अशा चुकांची बेरीज होत जाते. लोकप्रिय वाटा ठळक दाखविणारे उष्णतानकाशेही फसवे ठरू शकतात, कारण त्यांत पदयात्रींच्या नोंदी मिसळलेल्या असू शकतात. एखादी वाट वापरात आहे याचा अर्थ ती सायकलला खुली आहे असा होत नाही. प्रत्यक्ष सीमेवरील फलक आणि स्थानिक वनकार्यालयाची सूचना हीच अंतिम मानावी लागते.

वाद

मनुष्यबळावर चालणाऱ्या सायकलला या क्षेत्रांतून वगळणे योग्य आहे का, याबाबत सायकलस्वारांतच मतभेद आहेत. स्थानिक अधिकाऱ्यांना परवानगीचा अधिकार देणारे विधेयक सिनेटर माइक ली यांनी २०१६ मध्ये मांडले. ते संमत झाले नाही. बंदीचे समर्थक यांत्रिक वाहतुकीपासून मुक्त भूप्रदेश राखणे हाच कायद्याचा हेतू असल्याचे सांगतात. विरोधकांच्या मते पायाने चालविलेले वाहन त्या हेतूला बाधा आणत नाही.