ट्रूपमध्ये जागा नाही? मग मुलीला 'ज्युलिएट' होऊ द्या



सप्टेंबर उजाडला, शाळा रुळल्या, की अमेरिकेतल्या आपल्या अनेक घरांत एक विषय हमखास निघतो. मुलगी दप्तरातून एक रंगीत पत्रक काढते आणि म्हणते, "आई, मला गर्ल स्काउट व्हायचंय." आपण उत्साहानं नाव नोंदवायला बसतो आणि मग कळतं, की जवळच्या ट्रूपमध्ये जागाच नाही. किंवा जागा आहे, पण बैठक नेमकी रविवारी सकाळी, मराठी शाळेच्या वेळेला. किंवा दोन्ही जमतंय, पण आपली नोकरी अशी की दर वर्षी गाव बदलायचं. "पुढच्या वर्षी बघू हं बाळा," असं म्हणून आपण विषय मिटवतो. आणि पुढचं वर्ष बहुधा येत नाही.

म्हणून आजच्या भागात एक साधी गोष्ट सांगायची आहे. गर्ल स्काउट होण्यासाठी ट्रूप असायलाच हवा, असं नाही. मुलगी स्वतंत्रपणे सभासद होऊ शकते, बॅज मिळवू शकते, कॅम्पला जाऊ शकते, कुकीज विकू शकते, अगदी सर्वोच्च गोल्ड अवॉर्डपर्यंत पोहोचू शकते. अशा मुलींना 'ज्युलिएट' म्हणतात.

हे नाव कुठून आलं, ते आधी ऐका. ज्युलिएट गॉर्डन लो या बाईंनी १२ मार्च १९१२ रोजी जॉर्जिया राज्यातल्या सवाना शहरात १८ मुलींना घेऊन ही चळवळ अमेरिकेत सुरू केली. बाईंना ऐकू फार कमी येत असे. एक कान चुकीच्या उपचारानं गेलेला, आणि दुसऱ्याची कथा आपल्याला चटका लावणारी आहे. लग्नात पाहुण्यांनी उधळलेल्या तांदळाचा एक दाणा त्यांच्या कानात गेला आणि तो काढताना कानाला इजा झाली. आपल्याकडे अक्षता टाकतात तसाच तो दाणा! तरीही वयाच्या पन्नाशीनंतर या बाईंनी मुलींसाठी एवढं मोठं काम उभं केलं. एकट्यानं वाट काढणाऱ्या मुलींना त्यांचं नाव मिळालं, ते योग्यच म्हणायचं.

घरात आजी असेल, तर तिला हे सगळं परकं वाटणार नाही. महाराष्ट्रातल्या शाळांत 'स्काउट-गाईड' असायचं, लहान मुलींचं 'बुलबुल' पथक असायचं. तीच ही जागतिक चळवळ. या चळवळीची जगात पाच जागतिक केंद्रं आहेत आणि त्यांतलं एक, 'संगम', आपल्या पुण्यात आळंदी रस्त्यावर १९६६ पासून उभं आहे. पुढच्या भारतवारीत मुलीला ते दाखवायचं मनात ठेवा. जाण्याआधी भेटीची वेळ मात्र ठरवून घ्या.

आता मुद्द्याकडे वळू. ट्रूपमध्ये जागा का नसते? मुली जास्त झाल्या म्हणून नव्हे, तर मोठी माणसं कमी पडतात म्हणून. ट्रूप चालवणारे सगळे स्वयंसेवक असतात, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखे आई-बाबा. ज्युलिएट मुलीच्या बाबतीत ही जबाबदारी घरातल्या एका मोठ्या माणसावर येते. हे नीट समजून मगच हो म्हणा.

नोंदणी तुमच्या भागातल्या काउन्सिलकडे होते. देशभरात अशा शंभरावर काउन्सिल आहेत. संकेतस्थळावर पिन कोड टाकला की आपली काउन्सिल कळते. बालवाडीपासून बारावीपर्यंतची मुलगी सभासद होऊ शकते. सभासदत्वाचं वर्ष १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर. राष्ट्रीय शुल्क बरीच वर्षं २५ डॉलर होतं. ते टप्प्याटप्प्यानं वाढवण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. काही काउन्सिल त्यावर आपलं वेगळं शुल्क घेतात. त्यामुळे चालू आकडा काउन्सिलकडूनच विचारून घ्या. आणि पैशांची अडचण असेल तर संकोच करू नका, शुल्कात मदत मिळते. मुलीसोबत काम करणाऱ्या पालकालाही बहुतेक ठिकाणी प्रौढ सभासद व्हावं लागतं आणि पार्श्वभूमी तपासणीला सामोरं जावं लागतं. हा अविश्वास नव्हे. मुलींच्या सुरक्षिततेसाठी सगळ्यांना सारखा नियम आहे.

इयत्तेप्रमाणे पायऱ्या ठरलेल्या आहेत. बालवाडी आणि पहिलीच्या मुली डेझी, दुसरी-तिसरीच्या ब्राउनी, चौथी-पाचवीच्या ज्युनियर, सहावी ते आठवी कॅडेट, नववी-दहावी सीनियर आणि अकरावी-बारावी अँबॅसडर. व्हेस्ट किंवा सॅश घ्यायची, त्यावर बॅज शिवायचे. ट्रूपचा क्रमांक लावायची जागा तेवढी मोकळी राहते. बाकी गणवेश तोच, प्रतिज्ञा तीच, मानही तोच.

प्रतिज्ञेचा विषय निघालाच आहे, तर एक शंका दूर करू. त्यात 'गॉड' शब्द आहे. १९९३ पासून मुलीला तिथे आपल्या श्रद्धेप्रमाणे दुसरा शब्द म्हणायची मोकळीक आहे. 'माय प्रॉमिस, माय फेथ' नावाची एक पिनसुद्धा आहे. आपल्या धर्मपरंपरेतली शिकवण आणि स्काउटचे नियम यांची सांगड मुलीनं घालायची, ही त्यामागची कल्पना. आजोबांशी बसून बोलायला याहून चांगलं निमित्त कोणतं?

आता बॅज कसे मिळवायचे? बऱ्याच बॅजना पाच पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीत दोन-तीन पर्याय. त्यांतला एक निवडून पूर्ण करायचा. उदाहरणार्थ, ब्राउनी मुलींसाठी 'माय फॅमिली स्टोरी' नावाचा बॅज आहे, आपल्या घराण्याची गोष्ट शोधण्याचा. आपल्या घरात यासाठी किती सामान पडलंय बघा! शनिवारी सकाळी मुलीनं व्हिडिओ कॉल लावून आजीला पाच प्रश्न विचारायचे: तुझं माहेर कुठलं, शाळेत कशी जायचीस, लग्नात काय जेवण होतं. दुसऱ्या शनिवारी वंशावळ काढायची. मग माळ्यावरचा तांब्याचा गडू किंवा पणजीची नऊवारी, अशी एक वस्तू निवडून तिची गोष्ट लिहायची. महिन्याभरात बॅज होतो आणि मराठी शाळेचा गृहपाठही आपोआप होतो. बॅज वेळोवेळी बदलतात, जुने बंद होतात, म्हणून सुरुवात करण्याआधी चालू यादी पाहून घ्या.

इथे एक नाजूक गोष्ट आहे, ती मोकळेपणानं बोलू या. ज्युलिएट मुलीच्या बॅजची परीक्षा कोणी घेत नाही. काम झालं की नाही, हे मुलगी आणि तिचा मोठा सोबती, हे दोघंच ठरवतात. दुकानात जाऊन बॅज विकत आणायचा आणि शिवायचा. आपण आई-बाबा कसे असतो, आपल्याला ठाऊक आहे! पियानो, गणित, नृत्य, पोहणं, त्यात हेही एक. वर्षभरात वीस बॅज व्हायला हवेत, असा हिशेब मनात सुरू होतो. मुलगी दमली की चित्र आपण पूर्ण करतो, चिठ्ठी आपण लिहितो. व्हेस्ट भरते, पण मुलगी मात्र तिथेच राहते. आणि तिला ते कळतं बरं का. न केलेल्या कामाचा बॅज अंगावर घालणं म्हणजे काय, हे मुलांना आपल्याआधी कळतं.

म्हणून तीन पथ्यं पाळा. पहिलं, बॅज मुलीनं निवडायचा. तुम्हाला कोडिंग आवडत असेल आणि तिला किडे-मुंग्या, तर किडे-मुंग्याच. दुसरं, आठवड्यातला एक तास पक्का ठरवा आणि तो पाळा. ट्रूपची बैठक नसल्यामुळे 'उद्या करू' म्हणायला इथे फार वाव असतो. तिसरं, काम अर्धवट राहिलं तर राहू द्या. पुढच्या आठवड्यात तिनंच ते उचलायचं. तुम्ही शेजारी बसा, सुरी धारदार असेल तर लक्ष ठेवा, गाडी चालवा. बाकी हात मागे.

दुसरी काळजी असते सोबतीची. "एकटीच काय करणार ती?" हा प्रश्न रास्त आहे, आणि विशेषतः डेझी-ब्राउनीच्या वयात मुलींना मैत्रिणीच हव्या असतात. त्यावर उपाय आहेत. काउन्सिलचे कार्यक्रम, दिवसभराच्या कार्यशाळा आणि उन्हाळी कॅम्प ज्युलिएट मुलींना खुले असतात. काही काउन्सिल तर ज्युलिएट मुलींचे वेगळे मेळावे घेतात. अकरा वर्षांपुढच्या मुलींना 'डेस्टिनेशन्स' या प्रवास कार्यक्रमांसाठी स्वतंत्रपणे अर्ज करता येतो. तिथे सगळ्याच मुली एकमेकींना नव्या असतात. आपल्या महाराष्ट्र मंडळात आणखी दोन ज्युलिएट सापडल्या, तर महिन्यातून एकदा एकत्र बॅज करायला हरकत नाही. मात्र दुसऱ्यांच्या मुली सोबत घेतल्या की नियम बदलतो. मग किमान दोन नोंदणीकृत मोठी माणसं लागतात, ती एकमेकांच्या नात्यातली नसावीत आणि त्यांत एक स्त्री हवी. असा गट जमला, की कधी कधी त्याचाच नवा ट्रूप होतो!

आणि कुकीज? त्या कशा विसरू! ज्युलिएट मुलगीही काउन्सिलमार्फत कुकीज विकू शकते, ऑनलाइनसुद्धा. फरक एवढाच, की ट्रूपला मिळतो तसा रोख वाटा तिच्या हाती येत नाही. बहुतेक काउन्सिल तो जमा म्हणून ठेवतात आणि कॅम्प, सभासदत्व, साहित्य यांसाठी वापरू देतात. गणपतीच्या कार्यक्रमात तिच्या हातात माइक देऊन "कुकीज घ्या" म्हणायला लावण्याआधी तिला विचारा. शेजारच्या चार दारांवर स्वतः जाऊन "नको" ऐकणं आणि हसून "थँक यू" म्हणणं, हे शिक्षण मंडळातल्या काका-मावशांच्या पन्नास डब्यांपेक्षा मोठं आहे.

शेवटी, मोठ्या मुलींच्या पालकांसाठी. ज्युनियरला ब्राँझ, कॅडेटला सिल्व्हर आणि त्यापुढे गोल्ड अवॉर्ड. गोल्डसाठी साधारण ८० तासांचं काम अपेक्षित असतं, आणि ते प्रत्येक मुलीनं आपापलंच करायचं असतं, मग ती ट्रूपमधली असो वा नसो. समाजातला एक प्रश्न निवडायचा, त्याच्या मुळाशी जायचं, आणि आपण बाजूला झालो तरी चालू राहील असा उपाय उभा करायचा. त्यासाठी एक सल्लागार लागतो आणि तो आई-वडिलांपैकी नसावा, असा नियम आहे. ग्रंथपाल, शिक्षक, परिचारिका, कोणीही जाणकार. म्हणजे जिला बालपणी आठवड्याचा एक तास स्वतःच्या मतानं वापरू दिला, ती मुलगी या टप्प्यावर अनोळखी माणसाला फोन करून "मला तुमची मदत हवी आहे" असं म्हणू शकते. ज्या मुलीची चित्रं आपण पूर्ण केली, तिला तो फोनही आपणच करून द्यावासा वाटेल.

घरात सगळ्यांच्याच वेळा फिरत्या असतील आणि आठवड्याला एक तासही निघणार नसेल, तर प्रतीक्षायादीत नाव ठेवून ट्रूपची वाट पाहिलेली बरी. किंवा काउन्सिलला विचारा, की ट्रूप सुरू करायला आणखी कोण पालक तयार आहेत. पण तो एक तास निघत असेल, तर या आठवड्यात एवढंच करा: काउन्सिलला पत्र लिहून विचारा, की ज्युलिएट सभासदांसाठी तुमच्याकडे काय काय आहे. मग बॅजची यादी मुलीसमोर ठेवा आणि पहिला बॅज तिला निवडू द्या. ती काय निवडते, हे पाहून तुम्हालाच नवल वाटेल.

तुमच्या घरी ज्युलिएट असेल, तर तिनं पहिला बॅज कोणता निवडला, ते आम्हाला जरूर कळवा. भेटू या पुढच्या भागात. तोपर्यंत, नमस्कार!