टायरची झीज आणि चारही चाकांची चालना
भिलाईतील सुपेल्याजवळच्या ग्रेट ईस्टर्न रोडसारख्या पक्क्या रस्त्यावर जीपचा एक टायर फाटला आणि त्या जागी नवा बसविला, तर बाकीच्या तीन झिजलेल्या टायरांशी त्याचा मेळ बसेल काय? ७० सेंटिमीटर व्यासाचा नवा टायर एका किलोमीटरात सुमारे ४५५ फेरे घेतो. ५ मिलिमीटर झिजलेला, सुमारे ४६१. एकाच आसावरील चाकांतील हा फरक डिफरेन्शियलची दंतचक्रे सामावून घेतात. परंतु पुढचा व मागचा आस परस्परांशी ताठ जोडले असता त्यांच्यातील तफावतीला वाट उरत नाही. मातीत चाक घसरून ताण सुटतो. डांबरावर तो दंतचक्रांवर पडतो. म्हणून फितीने परीघ मोजून तितकाच झिजलेला टायर निवडावा. न मिळाल्यास चारही बदलावेत.